चाके बदलली आणि गाडी बोलू लागली

उन्हाळ्याच्या तोंडाशी आजीबरोबर बाजारात माठ घ्यायला गेला असाल, तर आजी काय करते ते आठवा. ती माठ हातात घेते आणि बोटाने त्यावर टिचकी मारते. खणखणीत आवाज आला की माठ पक्का. आवाज बद्द आला की माठाला कुठेतरी बारीक तडा आहे. हा तडा डोळ्यांना दिसत नाही, पण कानांना कळतो.

ऑस्ट्रियातील लिओपोल्ड औएनब्रुगर या डॉक्टरांचे वडील खानावळ चालवीत. पिंपात किती मद्य उरले आहे हे पिंपावर ठोकून ओळखण्याची युक्ती खानावळवाल्यांना ठाऊक असे. हीच युक्ती औएनब्रुगर यांनी रोग्याच्या छातीवर वापरली आणि १७६१ साली त्यावर एक पुस्तक लिहिले. छातीवर बोटाने ठोकून आतली स्थिती ओळखण्याची रीत डॉक्टर आजही वापरतात.

आज आपणही एक रोगी कानांनी तपासणार आहोत. मात्र हा रोगी माणूस नाही, मोटारगाडी आहे.

मामांची गाडी

समजा, तुमचे मामा पेणला राहतात. त्यांच्याकडे एक लहान मोटार आहे. तिची मूळची चाके १२ इंची. मामांना ती किरकोळ वाटू लागली. त्यांनी दुकानातून चमकदार अलॉयची १४ इंची चाके आणि रुंद टायर बसवून घेतले. गाडी दिसू लागली झकास! गणपतीत सर्वांनी मिळून रोह्याला आत्याकडे जायचे ठरले. पेणहून वडखळ, नागोठणे आणि पुढे भिसे खिंडीतून रोहा, असा हा सुमारे चाळीस किलोमीटरचा रस्ता.

पण गाडी घराबाहेर वळवतानाच पुढून 'खर्र' असा आवाज आला. पाच माणसे बसल्यावर खड्ड्यात 'धप्प-घस्स' झाले. महामार्गावर 'हूंऽऽ' अशी घरघर सुरू झाली आणि ८०च्या पुढे स्टिअरिंग हातात थरथरू लागले. मामा म्हणाले, "नवीन चाके आहेत, बसतील हळूहळू." आणि त्यांनी गाणी मोठ्याने लावली.

मित्रहो, इथेच मामा चुकले. आवाज म्हणजे गाडीने केलेली तक्रार. तक्रार ऐकू येऊ नये म्हणून गाणी लावली, तरी तिचे कारण जागेवरच राहते. ते कारण किरकोळ असेल किंवा जिवावर बेतणारेही असेल. यातले कोणते, हे कसे ओळखायचे?

टायरवर लिहिलेली कुंडली

प्रत्येक टायरच्या बाजूवर त्याचे माप कोरलेले असते. कित्येक लहान गाड्यांवर '१४५/८० आर १२' असे माप आढळते. याचा अर्थ असा: टायरची रुंदी १४५ मिलीमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, 'आर' म्हणजे रेडियल रचना, आणि रिमचा व्यास १२ इंच.

आता गणित करू. बाजूची उंची १४५ च्या ८० टक्के, म्हणजे ११६ मिमी. अशी बाजू रिमच्या वर एक आणि खाली एक. १२ इंच म्हणजे ३०४.८ मिमी. म्हणून चाकाचा पूर्ण व्यास ३०४.८ + ११६ + ११६ = ५३६.८ मिमी.

मामांनी घेतलेला टायर '१६५/६५ आर १४' आहे असे धरू. बाजूची उंची सुमारे १०७ मिमी आणि रिम ३५५.६ मिमी. पूर्ण व्यास सुमारे ५७० मिमी. म्हणजे चाक ६ टक्क्यांहून थोडे अधिक मोठे झाले. त्रिज्या १६ ते १७ मिमी वाढली, म्हणजे टायरचा माथा मडगार्डच्या आतल्या कमानीकडे जवळजवळ बोटभर सरकला.

रुंदी २० मिमी वाढली. ती आत १० आणि बाहेर १० अशी वाटली जाते. पण आणखी एक माप असते. रिमच्या मध्यरेषेपासून रिमची बैठक किती अंतरावर आहे, त्याला कारागीर 'ऑफसेट' म्हणतात. समजा, जुन्या रिमचा ऑफसेट ४० मिमी होता आणि नव्याचा ३५ आहे. मग सगळे चाक ५ मिमी बाहेर सरकेल. टायरची बाहेरची कड १५ मिमी बाहेर येईल आणि आतली कड ५ मिमी आत शॉकअपकडे जाईल.

गाडी बनवणाऱ्यांनी चाकाभोवती मोकळी जागा विचार करून ठेवलेली असते. चाक वळते, खड्ड्यात वर उचलले जाते, माणसे बसली की गाडी खाली येते. या सर्व हालचालींना पुरेल एवढी ती जागा. त्यातून आपण १५-१६ मिमी खाऊन टाकले, तर कुठेतरी काहीतरी घासणारच.

याच गणिताचा दुसरा परिणाम वेगदर्शकावर होतो. वेगदर्शक चाकाचे फेरे मोजून वेग सांगतो. चाक मोठे झाले हे त्याला कोण सांगणार? जुन्या चाकांवर काटा ८० दाखवी त्या वेळी गाडीचा जो वेग असे, त्याहून नव्या चाकांवर तो ६ टक्के अधिक असतो. म्हणजे ८०च्या जागी ८५. मामांना वाटते आपण सांभाळून चाललो आहोत!

पहिला प्रश्न: आवाज कुणाचा?

प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो. इथेही तोच नियम. सर्वांत सोपा प्रयोग म्हणजे जुनी चाके पुन्हा बसवून त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वेगाने, तेवढीच माणसे घेऊन जाणे. आवाज गेला, तर दोष नव्या चाकांचा किंवा त्यांच्या बसवणीचा. आवाज राहिला, तर तो आधीपासून होता. नवी चाके आल्यावर आपण कान देऊन ऐकू लागलो एवढेच.

दुसरा प्रयोग यापेक्षा सुंदर आहे. डाव्या बाजूचे पुढचे चाक मागे आणि मागचे पुढे बसवायचे. आता आवाज कुठून येतो ते पाहायचे. आवाज चाकाबरोबर मागे गेला, तर दोष त्या चाकात. आवाज पुढेच राहिला, तर दोष त्या जागेत, म्हणजे बेअरिंग, ब्रेक किंवा कमान यांत. एवढ्या एका अदलाबदलीने अर्धे संशयित सुटतात.

आवाजाची दिशा नुसती गाडीत बसून ठरवू नका. आपले दोन कान हवेतून येणाऱ्या आवाजातील सूक्ष्म फरकावरून दिशा ओळखतात. पण गाडीत आवाज पत्र्यातूनही धावतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, तर पोलादात सुमारे ५,००० मीटर. त्यामुळे पुढच्या चाकाचा आवाज मागच्या सीटखालून आल्यासारखा वाटतो. यावर कारागिरांची एक युक्ती आहे. काचा उघड्या ठेवून एखाद्या लांब भिंतीशेजारून गाडी सावकाश न्यायची. भिंतीवर आपटून परतणारा आवाज त्या बाजूच्या चाकाचा असतो, आणि तो स्पष्ट ऐकू येतो.

दुसरा प्रश्न: आवाज केव्हा येतो?

स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावरच खरखर येत असेल, तर पुढचा टायर कमानीच्या प्लॅस्टिक अस्तराला किंवा आतल्या भागाला घासत आहे. सरळ जाताना आवाज नाही, पण माणसे भरल्यावर खड्ड्यात 'घस्स' होत असेल, तर स्प्रिंग दबल्यावर टायरचा माथा कमानीला लागत आहे. पूर्ण वळवून गाडी पुढे ओढताना 'कट्-कट्-कट्' येत असेल, तर संशय चाकाकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या सांध्यावर घ्यावा. हा दोष बहुधा जुनाच असतो.

ब्रेक दाबला की आवाज बदलत असेल, तर ब्रेकचे भाग तपासावे. नव्या रिमच्या आत चिकटवलेला तोल साधण्याचा तुकडा ब्रेकच्या जबड्याला लागत असला, तर फेऱ्यागणिक 'टिक्' असा धातूचा आवाज येतो.

घरघर मात्र फसवी असते. ती टायरची की बेअरिंगची? इथे रस्ताच आपल्याला मदत करतो. मुंबई–गोवा महामार्गावर काही भाग सिमेंट काँक्रीटचा, तर काही डांबरी आहे. काँक्रीटवरून डांबरावर येताच घरघर बदलली, तर ती टायरच्या नक्षीची. रस्ता बदलूनही ती तशीच राहिली, तर बेअरिंगकडे पाहा. पुढे भिसे खिंडीची वळणे लागतात. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर येतो. डाव्या वळणावर घरघर वाढत असेल, तर बहुधा उजवे बेअरिंग कुरकुरत आहे. उजव्या वळणावर वाढली तर डावे. चाक बाहेर सरकले की बेअरिंगवरचा तरफेचा ताणही वाढतो, म्हणून मोठ्या चाकांनंतर जुने बेअरिंग तोंड उघडते.

तिसरा प्रश्न: सेकंदाला किती वेळा?

आता घड्याळ हाती घ्या. गाडी मामा चालवतील, मोजणी तुम्ही करा.

नव्या चाकाचा परीघ ५७० मिमी × ३.१४, म्हणजे सुमारे १.७९ मीटर. गाडी ताशी २० किमी वेगाने, म्हणजे सेकंदाला ५.५६ मीटर चालली आहे. ५.५६ भागिले १.७९ म्हणजे सुमारे ३.१. याचा अर्थ, चाक सेकंदाला तीन फेरे घेते आणि १० सेकंदांत ३१.

१० सेकंदांत ३१ च्या आसपास 'टक' मोजले, तर आवाज फेऱ्यामागे एकदा होतो आहे. टायरच्या खाचेत अडकलेला खडा, टायरवरचा फुगा, आत लागणारा तुकडा किंवा ढिला नट यांपैकी कुणीतरी. वेग वाढला की टकटक त्याच प्रमाणात वाढली पाहिजे. तशी ती वाढली नाही, तर चाक निर्दोष. इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असले, तरी ते सेकंदाला २५ होतात. असे ठोके मोजताच येत नाहीत, त्यांचा गुणगुणाट होतो.

टायरच्या नक्षीचा सूरही असाच काढता येतो. परिघावर ६० ठोकळे आहेत असे धरा. ताशी ६० किमी वेगाला चाक सेकंदाला सुमारे ९.३ फेरे घेते. ९.३ × ६० म्हणजे सुमारे ५६० कंपने, म्हणजे ५६० हर्ट्झचा सूर! हा एकच सूर सतत कानात शिरू नये म्हणून टायर बनवणारे ठोकळ्यांची लांबी मुद्दाम थोडी कमी-जास्त ठेवतात.

८०ला थरथर का?

चाकाच्या एका बाजूला थोडे वजन जास्त असेल, तर फिरताना ते बाहेर ओढते. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट तर ओढ चौपट. रिमच्या कडेला फक्त ३० ग्रॅम वजन जास्त आहे असे धरा. ताशी ४० किमीला त्याची ओढ सुमारे ८ न्यूटन असते. ८०ला ती सुमारे ३३ न्यूटन होते, म्हणजे तीन किलोहून अधिक वजनाएवढी. आणि ती कधी वर, कधी खाली, कधी पुढे, कधी मागे, अशी सेकंदाला बारा वेळा फिरते.

बारा हा आकडा लक्षात ठेवा. चाक, टायर आणि स्प्रिंग मिळून एक झोका आहे. प्रत्येक झोक्याची स्वतःची लय असते. लहान गाडीत चाकाची ही लय सेकंदाला साधारण १० ते १५ कंपने असते. झोक्याला त्याच्याच लयीत ढकलले की तो उंच जातो. यालाच अनुनाद म्हणतात. ८०च्या सुमारास चाकाचे फेरे आणि झोक्याची लय जुळते, आणि स्टिअरिंग थरथरते. वेग आणखी वाढल्यावर थरथर कमी झाली, तरी दोष गेला असे नाही. फक्त लय चुकली.

उपाय म्हणजे बॅलन्सिंग. यंत्रावर चाक फिरवून हलक्या बाजूला छोटे तुकडे लावतात. पण बॅलन्सिंग करूनही थरथर राहिली तर? बाजारातल्या रिमचे मधले भोक अनेक गाड्यांना चालावे म्हणून मोठे ठेवलेले असते. गाडीचा हब त्यात सैल बसला, तर चाक केंद्रावर नीट बसत नाही. तिथे योग्य मापाची कडी बसवावी लागते. नटांचेही तसेच. काही रिमना शंकूसारख्या बैठकीचे नट लागतात, काहींना गोल बैठकीचे. चुकीचा नट आवळला तरी त्याची पकड अपुरी राहते.

पेणच्या शाडूचा उपयोग

पेण म्हटले की गणपतीच्या मूर्ती आणि शाडूची माती डोळ्यांपुढे येते. हीच माती आपल्या तपासणीत कामी येते. गॅरेजमध्ये मेकॅनिकने पुढचे चाक काढले की कमानीच्या अस्तरावर चार-पाच ठिकाणी ओल्या शाडूचे लिंबाएवढे गोळे चिकटवायचे. ब्रेकजवळ मात्र माती अजिबात लावायची नाही. चाक पुन्हा बसवायचे, नट आवळायचे, गाडीत नेहमीची पाच माणसे बसवायची आणि एका गतिरोधकावरून अगदी सावकाश नेऊन आणायची. मग चाक उतरवून गोळे पाहायचे. गोळा १५ मिमी जाडीचा उरला, तर तिथे १५ मिमी मोकळी जागा. गोळा पार चपटा होऊन त्यावर टायरची नक्षी उमटली, तर आवाजाचा गुन्हेगार सापडला! गुन्हेगाराने स्वतःचा ठसाच ठेवला म्हणा ना.

त्याबरोबर टायरची आतली बाजूही हात फिरवून पाहावी. ही बाजू बाहेरून दिसत नाही. रेडियल टायरच्या माथ्याखाली पोलादी तारांचे पट्टे असतात, पण बाजूच्या भिंतीत ते नसतात. भिंत पातळ असते आणि प्रत्येक फेऱ्याला वाकते. तिच्यावर घासून चर पडली की आतले धागे तुटू लागतात. अशी भिंत पंक्चरसारखी दुरुस्त होत नाही. भर वेगात ती फुटली, तर गाडी हातातून जाते. मामांची 'खर्र' ही तक्रार किरकोळ नव्हती, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

केव्हा थांबायचे?

दोन लक्षणे दिसली की पुढे जायचेच नाही. एक, वेगाबरोबर वाढणारी 'टक-टक' आणि चाक डगमगल्याचा भास. नट ढिले असू शकतात. गाडी कडेला घेऊन चावीने नट तपासावेत. नवी रिम बसवल्यावर पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यावेत, हे कारागीर सांगतात ते याचसाठी. दोन, टायरच्या भिंतीवर चर, फुगा किंवा बाहेर आलेले धागे. तो टायर तिथेच उतरवावा.

घासणे थांबवण्यासाठी कमान कापणे किंवा चाक बाहेर ढकलणाऱ्या चकत्या घालणे हा खरा उपाय नव्हे. खरा उपाय गणितात आहे. हौसच असेल, तर चाकाचा पूर्ण व्यास मूळच्या जवळ राहील असे माप निवडावे. '१५५/६५ आर १३' या टायरचा व्यास करून पाहा. तो सुमारे ५३२ मिमी येतो, मूळच्या ५३७ च्या एका टक्क्याच्या आत! शिवाय मापापुढे लिहिलेला भाराचा अंक मूळच्यापेक्षा कमी नसावा. '७४' हा अंक असेल, तर एक टायर ३७५ किलो भार पेलू शकतो. आणि शेवटी गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत कोणती मापे चालतात ते पाहावे.

करून पाहा

मोटार नसली तरी हा प्रयोग सायकलवर होईल. सायकल स्टँडवर उभी करा. जाड पुठ्ठ्याचा तुकडा चौकटीला असा बांधा की त्याची कड मागच्या चाकाच्या आऱ्यांना हलकेच लागेल. आऱ्या मोजा. समजा, त्या ४० आहेत. पायडल हाताने सावकाश फिरवा. चाक सेकंदाला दोन फेरे घेत असेल, तर पुठ्ठा ८० वेळा वाजेल. वेग वाढवा, सूर चढेल. मग पुठ्ठा काढा आणि रिमला मातीचा एक गोळा घट्ट बांधून चाक जोरात फिरवा. सायकल कशी हादरते ते हँडल धरून अनुभवा. आता गोळ्याच्या बरोबर समोर तेवढ्याच वजनाचा दुसरा गोळा बांधा. काय झाले? तुम्ही चाकाचे बॅलन्सिंग केलेत! चाक फिरत असताना बोटे आऱ्यांपासून दूर ठेवा. मोटारीखाली किंवा जॅकवर उचललेल्या गाडीजवळ मात्र एकट्याने कधीही जाऊ नका. ते काम मेकॅनिकचे.

आणि रोह्याला आत्याकडे निघण्यापूर्वी मामांना एवढेच सांगा, "मामा, आज पेण ते वडखळ गाणी बंद ठेवू या. गाडी काय म्हणते ते आधी ऐकू या."